हलकी रायफल १०० मीटरवर नीट लागते, मग ३०० मीटरवर का विखुरते?

प्रोन_पन्नास (कोथरूड), १४ जुलै

नमस्कार. गेली नऊ वर्षे मी म्हाळुंगे-बालेवाडीच्या रेंजवर ५० मीटर प्रोन (पालथे झोपून) प्रकारात .२२ रायफल चालवतो. पदकांच्या यादीत माझे नाव कोठेही नाही, परंतु नोकरीतून निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून तीन सकाळी मी तेथे असतोच, आणि आपला नेम बरा आहे अशी माझी गेल्या एप्रिलपर्यंत समजूत होती.

माझा मुलगा न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, कँटरबरी भागात राहतो. तेथील लाल हरणे मूळची तेथली नव्हेत. युरोपातून आलेल्या वसाहतकारांनी ती आणून सोडली आणि पुढे त्यांची संख्या जंगलाला डोईजड झाली, त्यामुळे त्यांची शिकार तेथे कायदेशीर आहे आणि मुलगा दर हंगामात डोंगरात जातो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषय उरलेला नाही, याची मला कल्पना आहे, म्हणून त्या वादात कृपया शिरू नये. मी स्वतः अजून कोणत्याही प्राण्यावर गोळी झाडलेली नाही. माझा प्रश्न केवळ कागदावरच्या नेमाचा आहे.

मुलाची रायफल .३०८ बोअरची बोल्ट ॲक्शन असून स्कोपशिवाय तिचे वजन २.६ किलो आणि स्कोपसह ३.१ किलो आहे. बॅरल बोटाएवढे बारीक आणि ५६ सेंटिमीटर लांब, तर स्टॉक, म्हणजे बॅरल ज्यात बसते तो दस्ता, पोकळ प्लास्टिकचा आहे. तेथील क्लबच्या रेंजवर, मुलगा शेजारी बसलेला असताना, मी १०० मीटरवर तीन शॉट मारले आणि ते ३.५ सेंटिमीटरमध्ये बसले. नंतर आम्ही ३०० मीटरवर गेलो. तेथे माझे दहा शॉट ३४ सेंटिमीटरभर पसरले. त्याच रायफलीने, त्याच डब्यातल्या काडतुसांनी मुलाने पाच शॉट १२ सेंटिमीटरमध्ये बसवले, त्यामुळे रायफलीवर दोष ढकलायची सोयही उरली नाही. (३०० मीटरवरच्या तिसऱ्या शॉटला स्कोपची कड भुवईवर आपटून थोडे रक्त आले होते, पण पट्टी लावून पुढचे शॉट मी पूर्ण केले, त्यात विशेष काही नाही.)

पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा जाणे आहे. जड रायफलीची कोणती सवय मला येथे नडली असावी, आणि पुण्यात फक्त ५० मीटर आणि .२२ हाताशी असताना पुढचे आठ-नऊ महिने मी नेमका कशाचा सराव करावा, हे जाणकारांनी सांगावे.

गणिती_चिंचवड, १४ जुलै

आपण दिलेले आकडे मांडून पाहिले. .३०८ ची ९.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगाने सुटते असे धरले आणि तिच्यामागून जाणाऱ्या जळलेल्या दारूच्या वायूचा वाटाही मिळवला, तर ३.१ किलोची रायफल सेकंदाला जवळजवळ ४ मीटर वेगाने मागे येते आणि तिच्यात २४ ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. आपली .२२ ची मॅच रायफल ६ किलोची धरली, तर तिच्यात हाच आकडा ०.१ ज्यूलच्याही आत आहे. म्हणजे आपल्या खांद्याने नऊ वर्षे जो धक्का अनुभवला, त्याच्या तीनशेपट धक्का त्याने त्या दिवशी दहा वेळा खाल्ला. हीच .३०८ जर ४.५ किलोची असती, तर ऊर्जा साडेसोळा ज्यूलवर आली असती, कारण काडतूस तेच असेल तर धक्क्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते.

परंतु खांद्याला काय वाटते याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. बहुतेकांची अशी समजूत असते की गोळी आधी बाहेर जाते आणि धक्का मागून येतो. तसे नाही. गोळी पुढे सरकू लागली की त्याच क्षणी रायफल मागे सरकू लागते, आणि गोळी सव्वा मिलिसेकंदानंतर बॅरलच्या तोंडातून बाहेर पडते तोवर ही हलकी रायफल सुमारे २ मिलिमीटर मागे आलेली असते. आपल्या .२२ मध्ये हे अंतर ०.३ मिलिमीटर आहे. शिवाय बॅरल खांद्यापेक्षा वरच्या रेषेत असल्यामुळे रायफल केवळ मागे येत नाही, तर तोंड वर उचलत येते. या २ मिलिमीटरच्या प्रवासात ती कशावर टेकली आहे, खांद्याशी किती घट्ट आहे आणि गाल किती दाबलेला आहे, यावर गोळी सुटताना तोंड कोणत्या दिशेला असेल हे ठरते. पकड प्रत्येक वेळी तीच असेल तर हा प्रवासही तोच होतो आणि झिरो करताना, म्हणजे स्कोपचा नेम गोळी लागते त्या जागेशी जुळवताना, त्याचा हिशेब आपोआप होऊन जातो. पकड बदलली की झिरो बदलला.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने सांगतो. तीन शॉटच्या ग्रुपवरून रायफलीची पारख करणे धोक्याचे आहे. तीन शॉट योगायोगाने जवळ पडू शकतात. दहा शॉटचा पसारा नेहमीच मोठा दिसणार. त्यामुळे १०० मीटरवरचे ३.५ सेंटिमीटर तिपटीने वाढवून ३०० मीटरवर साडेदहा सेंटिमीटर यायला हवे होते, अशी अपेक्षा धरून स्वतःला फार बोल लावू नका. तरीही ३४ हा आकडा नुसत्या योगायोगाने समजावता येत नाही.

सुभेदार_दिघी, १५ जुलै

फौजेत भरती झालो तेव्हा आमच्या हाती एसएलआर रायफल होती, चार किलोहून जड. उस्ताद पहिल्या दिवशी म्हणायचे, "शिस्त लो." मला वाटायचे की गप्प उभे राहायला सांगताहेत, नंतर कळले की फौजेच्या बोलीत शिस्त म्हणजे नेम. मराठीतला अर्थही अगदी सोडून देण्याजोगा नाही, असे आता वाटते.

आपल्या प्रोन प्रकारात रायफल स्लिंगवर (दंडाला अडकवलेल्या पट्ट्यावर) लोंबकळते आणि हाताने तिला काही करायचे नसते. हात सैल, बोट तेवढे हलते. जड रायफलीला ते शोभते. हलक्या रायफलीला तसे मोकळे सोडले की ती स्वतःच्या मर्जीने उडी मारते. तिला धरावे लागते. उजव्या हाताची मागची तीन बोटे रायफलीला सरळ मागे, खांद्याच्या खोबणीत ओढून धरतात. अंगठा आणि तर्जनी त्या कामात भाग घेत नाहीत. गळा आवळल्यासारखे धरायचे नाही, कारण मग थरथर येते. नव्या माणसाशी हस्तांदोलन करताना जितका जोर लावतो तितका पुरे, पण तो दहाही शॉटना तेवढाच हवा.

दुसरे, रायफल कशावर ठेवली होती ते आपण लिहिले नाही. ते आधी सांगा.

प्रोन_पन्नास, १५ जुलै

सुभेदारसाहेब, १०० मीटरवर रेंजच्या टेबलावर वाळूच्या पिशव्या होत्या, पुढे एक आणि बटखाली (स्टॉकच्या खांद्याकडच्या टोकाखाली) एक. ३०० मीटरवर मात्र जमिनीवर प्रोन घेतली, कारण ती माझ्या सवयीची. स्टॉकच्या पुढच्या टोकाला लावलेला बायपॉड (दोन पायांचा टेकू) सिमेंटच्या ओट्यावर होता आणि बटखाली काही नव्हते. डावी मूठ बटखाली धरली होती.

सुभेदार_दिघी, १५ जुलै

मग आपण १०० मीटरवर एका रायफलीने आणि ३०० मीटरवर दुसऱ्याच रायफलीने मारलेत, असे समजा.

पोकळ प्लास्टिकचा पुढचा भाग बायपॉडवर भार पडला की वाकतो. किती वाकतो हे पाहायचे तर बायपॉडवर रायफल ठेवून, अर्थात ती रिकामी आहे याची दोनदा खात्री करून, दहा रुपयांची नोट बॅरल आणि स्टॉक यांच्यामधून चेंबरपर्यंत सरकवून पाहावी. मोकळी असताना नोट आरपार जाते आणि आपण खांद्याने पुढे रेटले की ती मध्येच अडकते, असे दिसले तर स्टॉक बॅरलला टेकतो आहे. बारीक बॅरलला तेवढा स्पर्शही पुरतो. स्लिंग ताणल्यावरही हेच होते, म्हणून आपली आवडती स्लिंग या रायफलीला लावण्याआधी तिच्यासह वेगळा झिरो तपासा.

सिमेंटवर बायपॉड उडतोही. कठीण पृष्ठभागावरून रायफल नेहमीच वर फेकली जाते. डोंगरात तसेही सिमेंट नसते. पाठीवरची सॅक काढून आडवी टाका, तिच्यावर स्टॉक ठेवा, तोही टोकाशी नव्हे तर मॅगझिनच्या थोडा पुढे, जेथे प्लास्टिक जाड असते. उघडे बॅरल कशावरही टेकवायचे नाही, दगडावर तर नाहीच. बटखाली जॅकेटची गुंडाळी घाला. मूठ दमते, गुंडाळी दमत नाही.

नेम_आणि_श्वास (सहकारनगर), १६ जुलै

मी बारा वर्षे मुलांना रायफल शिकवते, म्हणून थोडे वेगळ्या बाजूने लिहिते. वरच्या दोन्ही सदस्यांचे म्हणणे मला मान्य आहे, परंतु मूळ प्रश्नात कंसात टाकलेल्या एका वाक्यावर कोणीच थांबले नाही. तिसऱ्या शॉटला भुवई फुटली, असे आपण लिहिले आहे, आणि "विशेष काही नाही" असेही.

आपण .२२ ला डायॉप्टर साइट, म्हणजे बारीक छिद्रातून पाहायची साइट, वापरत असणार. त्यात डोळा छिद्राच्या जितका जवळ तितके चित्र स्वच्छ, म्हणून प्रोनवाले नेमबाज मान पुढे काढून गाल स्टॉकवर पुढे सरकवतात. ही सवय नऊ वर्षांत इतकी मुरते की ती आपल्याला सवय म्हणून जाणवतही नाही. शिकारी रायफलीच्या स्कोपला डोळ्यापासून सुमारे ९ सेंटिमीटर अंतर लागते. टेबलावर बसल्यावर धड सरळ राहते आणि हे अंतर आपोआप सांभाळले जाते. जमिनीवर प्रोन घेतली की डोके चार बोटे पुढे जाते. म्हणून १०० मीटरवर काही झाले नाही आणि ३०० मीटरवर कड लागली. अंतराशी त्याचा संबंध नव्हता, पोझिशनशी होता.

आता माझा प्रश्न असा, की दहा शॉट कोणत्या क्रमाने कोठे लागले याची नोंद आहे का? असल्यास पहिले तीन आणि नंतरचे सात वेगळे करून पाहावेत. शरीराला एकदा मार बसला की ते विसरत नाही, मनाने कितीही पट्टी लावली तरी. ट्रिगर सुटण्याच्या आधीच्या क्षणी डोळा मिटतो, खांदा पुढे येतो, आणि शॉट खाली जातो. ज्याला होते त्याला ते कधीच कळत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने तर माझ्याशी पैज लावली होती की तिला फ्लिंच, म्हणजे असे दचकणे, नाही.

प्रोन_पन्नास, १८ जुलै

ताई, आपण ती पैज जिंकला असणार.

मुलगा स्पॉटिंग स्कोपमधून प्रत्येक शॉट पाहत होता आणि वहीत क्रमांक टाकत होता; त्याने काल रात्री पानाचा फोटो पाठवला. पहिले तीन शॉट ११ सेंटिमीटरमध्ये आहेत. चौथा एकदम १७ सेंटिमीटर खाली. पाचवा, सहावा, सातवा खालीच, थोडे डावी-उजवीकडे. आठवा आणि नववा पुन्हा वर सरकले आहेत आणि दहावा सर्वांत उजवीकडे आहे. मुलाने आठव्यासमोर "बॅरल हाताला चटका देतंय" आणि दहाव्यासमोर "वारा" असे लिहून ठेवले आहे. त्या दिवशी मला यातले काही सांगितले का नाही असे विचारल्यावर तो म्हणाला, "बाबा, तुम्ही ऐकायच्या मूडमध्ये नव्हतात."

गणिती_चिंचवड, १८ जुलै

हा फोटो म्हणजे एका कागदावर तीन निरनिराळ्या रोगांचे निदान आहे. चौथ्यापासून सातव्यापर्यंत फ्लिंच, आठव्या-नवव्याला तापलेले बॅरल, आणि दहाव्याला वारा. एकत्र मोजले की ३४ सेंटिमीटर, आणि मग माणूस रायफल विकायला काढतो.

बारीक बॅरलमध्ये धातू कमी, म्हणून ते लवकर तापते, आणि तापताना सगळीकडे सारखे प्रसरण पावेलच असे नाही. आतला ताण किंवा स्टॉकचा स्पर्श असेल तर ते किंचित वाकते. मॅच रायफलीच्या जाड बॅरलला साठ शॉटच्या सामन्यात जे होत नाही, ते याला पाच-सहा शॉटमध्ये होते. उपाय सोपा आणि कंटाळवाणा आहे: तीन शॉट, मग बोल्ट उघडा ठेवून बॅरल हाताला थंड लागेपर्यंत थांबायचे. शिकारी रायफलीचा खरा कस पहिल्या, थंड बॅरलच्या शॉटवर लागतो, कारण हरीण दुसऱ्या शॉटसाठी उभे राहत नाही. म्हणून रोज एक, असे पाच दिवसांचे पाच पहिले शॉट एकाच कागदावर घेतले तर तो पाच शॉटचा ग्रुप कोणत्याही सलग ग्रुपपेक्षा अधिक खरे बोलतो. आदल्या दिवशी बॅरलला तेल लावले असेल तर ते पुसून मगच, कारण तेलकट बॅरलचा पहिला शॉट बऱ्याचदा वेगळीकडे जातो.

वाऱ्याचे गणित ५० मीटरच्या माणसाला फसवते. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा .३०८ च्या अशा गोळीला १०० मीटरवर जेमतेम २ सेंटिमीटर ढकलतो, आणि ३०० मीटरवर २० सेंटिमीटरहून अधिक. अंतर तिप्पट, पण ढकल दहापट. कँटरबरीतला वायव्येचा वारा तर सोसाट्याचा म्हणून प्रसिद्धच आहे.

आणखी एक, रायफल कललेली तर नव्हती ना? ३०० मीटरसाठी नेम वर घेतलेला असताना रायफल ५ अंश उजवीकडे कलली, तर गोळी साधारण ७ ते ८ सेंटिमीटर उजवीकडे जाते. घड्याळात पाच अंश म्हणजे एका मिनिटाच्या खुणेपेक्षाही कमी. डोळ्याला दिसतही नाही. हलकी रायफल हातात सहज फिरते, म्हणून तिच्यात हे जास्त घडते. स्कोपवर बसणारी छोटी पाणसळ काही ग्रॅमची असते, ती लावून घ्यावी.

डोंगरवाट (भोर), १९ जुलै

पुण्यात सराव कसा करावा, या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला दिसत नाही. माझे मत असे, की स्प्रिंगची एअर रायफल घ्यावी. .१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला आपल्याकडे परवाना लागत नाही, आणि पकड बदलली की नेम बदलतो ही गोष्ट तिच्याइतकी निष्ठुरपणे दुसरे कोणी शिकवत नाही. पिस्टन पुढे झेपावतो, आपटतो, आणि छर्रा मग बाहेर पडतो; तोपर्यंत ती हातात नाचून घेते. बंद खोलीत, मागे जाड लाकडी पेटी ठेवून १० मीटरवर रोज वीस छर्रे मारले तरी पुरे. गच्चीवर नको, शेजाऱ्यांची पाण्याची टाकी हा वेगळा धागा होईल.

सुभेदार_दिघी, १९ जुलै

येथे माझा विरोध नोंदवतो. स्प्रिंगची रायफल सैल धरावी लागते, तळहातावर नुसती ठेवल्यासारखी. घट्ट धरली की ती बिघडते. .३०८ ची हलकी रायफल घट्ट धरावी लागते. आठ महिने सैल धरायची सवय लावून एप्रिलमध्ये घट्ट धरा म्हणणे म्हणजे डावखुऱ्याला उजव्या हाताने भाकरी थापायला सांगणे आहे.

डोंगरवाट (भोर), १९ जुलै

पकडीचा जोर निराळा, हे मान्य. पण मी जोर शिकायला सांगत नसून सारखेपणा शिकायला सांगतो आहे. एअर रायफल चुकीला माफ करत नाही, एवढाच तिचा उपयोग.

नेम_आणि_श्वास (सहकारनगर), २० जुलै

दोघांचेही अर्धे खरे आहे, परंतु प्रश्नकर्त्यांकडे .२२ आणि रेंज दोन्ही असताना मी एअर रायफलीच्या वाटेला जाणार नाही. माझा सल्ला असा आहे.

आपली ६ किलोची रायफल काही महिने पेटीत ठेवावी. पॅरिसला २०२४ साली स्वप्निल कुसाळे यांनी ज्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले, त्या प्रकारात रायफल ८ किलोपर्यंत चालते; वजन हे तेथे नेमबाजाचे मित्र असते आणि त्या मैत्रीची सवय आपल्याला मोडायची आहे. बहुतेक क्लबांच्या कपाटात एखादी जुनी, अडीच-तीन किलोची साधी .२२ पडून असते, एनसीसीत आपण वापरली असेल त्या जातीची. ती मागून घ्या. जॅकेट नको, ग्लोव्ह नको, स्लिंग नको. तिचा ट्रिगर जड असेल आणि तेच आपल्याला हवे आहे. मॅच रायफलीचा ट्रिगर बोटाने नुसता स्पर्श केला तरी सुटतो. शिकारी रायफलीला सव्वा-दीड किलोचा दाब लागतो, म्हणजे खुद्द रायफलीच्या वजनाच्या निम्मा. तो दाब किंचितही तिरका पडला तर ६ किलोची रायफल जागची हलणार नाही, ३ किलोची हलेल. बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर, आणि दाब सरळ मागे, सावकाश वाढत जाणारा.

मुलाचे ३०० मीटरवरचे १२ सेंटिमीटर म्हणजे आपल्या ५० मीटरवरचे बरोबर २ सेंटिमीटर, एक रुपयाच्या नाण्याएवढे. तेवढे वर्तुळ कागदावर काढा आणि सॅकवरून, बसून, झाडाच्या बुंध्याला टेकल्यासारखे खांबाला टेकून, अशा निरनिराळ्या पोझिशनमधून प्रत्येकी एकच शॉट मारा. पोझिशन घ्या, शॉट मारा, उठा, पुन्हा पोझिशन घ्या. डोंगरात कोणी आपल्याला साठ शॉट एका चटईवर पडून मारू देणार नाही. प्रत्येक वेळी आधी डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. नेम आपोआप वर्तुळापाशी आला नसेल तर हाताने ओढू नका, संपूर्ण शरीर वळवा.

हलकी रायफल कधीच स्थिर होणार नाही, हे आधी मान्य करून टाकावे. जड रायफलीवाला माणूस नेम थांबण्याची वाट पाहतो, दहा सेकंद, पंधरा सेकंद, आणि तोवर श्वास संपतो, डोळा पाणावतो, मग तो घाईने ट्रिगर ओढतो. नेमाचा लहानसा डुलता फेर वर्तुळाच्या आत राहत असेल तर दाब वाढवत राहावे. श्वास अर्धा सोडून थांबल्यावर सहा-सात सेकंदांत शॉट गेला नाही, तर रायफल खाली घ्यावी.

घरी रोज पंधरा मिनिटे ड्राय प्रॅक्टिस करा. काडतुसे त्या खोलीतच नकोत. बऱ्याच .२२ रायफलींत रिकाम्या चेंबरवर ट्रिगर ओढला की फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटून ती चेपते, म्हणून वापरलेले केस आत घालावे आणि थोड्या थोड्या वेळाने फिरवावे. बॅरलवर नाणे ठेवून ट्रिगर सुटल्यावर ते पडले नाही की पाठ थोपटून घ्यावी.

राहिला फ्लिंच. तो .२२ वर पूर्ण जाणार नाही, कारण भीती .३०८ ची आहे. एप्रिलमध्ये पहिल्याच दिवशी मुलाला सांगा की मॅगझिन त्याने भरावे, तुमच्या नकळत मधूनमधून एक डमी काडतूस घालून. डमीवर ट्रिगर सुटेल तेव्हा रायफलीचे तोंड खाली डुचकळले की तुम्हाला स्वतःलाच दिसेल, मग कोणी सांगायला नको. कानात बोळे आणि वर मफ्स, असे दुहेरी संरक्षण घ्या; निम्मा फ्लिंच आवाजाचा असतो. आणि स्कोप पुढे सरकवून घ्या, प्रोनमध्ये पडून डोळ्याचे अंतर मोजून. टेबलावर बसून नव्हे.

प्रोन_पन्नास, २ ऑगस्ट

सर्वांचा आभारी आहे. क्लबच्या कपाटातून २.८ किलोची एक रायफल मिळाली. तिच्या बटवर कोणीतरी करकटकाने "मंदार" असे कोरले आहे. पहिल्या सकाळी पावसाने रेंज रिकामी होती. सॅकवरून दहा वेगवेगळे शॉट मारले आणि नाण्याच्या वर्तुळात त्यातले तीन बसले. मॅच रायफलीने मी डोळे मिटून यापेक्षा बरे मारले असते, असे मनाशी म्हणत होतो, तेवढ्यात लक्षात आले की प्रत्येक शॉटला माझी मान पुढे जाते आहे आणि नाकाचा शेंडा बोल्टला लागतो आहे. आता स्टॉकवर, जेथे नाक टेकायला हवे तेथे, खडबडीत पट्टीचा तुकडा चिकटवला आहे. गेल्या आठवड्यात दहांपैकी सहा.

दहा रुपयांच्या नोटेचा प्रयोग मुलाने तेथे पाच डॉलरच्या नोटेने केला. त्यांची नोट प्लास्टिकची असल्यामुळे घसरत छान जाते, पण बायपॉडवर रेटल्यावर ती अडकली, सुभेदारसाहेब म्हणाले तशीच. बायपॉड त्याने काढून टाकला आहे. तेथे सायलेन्सर कायदेशीर आहे आणि त्याने धक्का बराच कमी होतो असे तो म्हणतो, पण तीन-चारशे ग्रॅम वाढतील म्हणून तो लावत नाही.

मग मी त्याला सुचवले की बटच्या पोकळीत अर्धा किलो शिसे भरावे, म्हणजे गणिती यांच्या हिशेबाप्रमाणे धक्का कमी होईल. त्याचे उत्तर काल आले. शिसे भरायला हरकत नाही, परंतु मग चढावर रायफल बाबांनी वाहायची.